मनोरथ आणि रथ

मनुष्याच्या इच्छेस आपल्या पूर्वजांनी ‘मनोरथ’ असे नाव दिले. हल्ली कित्येक गृहस्थांच्या बाबतीत हा शब्द अक्षरशः खरा झालेला दिसतो. ३ ऑक्टोबर २०२४ या दिवशी ‘थार रॉक्स’ या गाडीची नोंदणी सुरू झाली, तेव्हा पहिल्या साठ मिनिटांतच १,७६,२१८ मागण्या नोंदल्या गेल्या. एवढे रथ एका दिवसात कोठून घडणार? पैसे भरावयाचे आणि वाट पाहावयाची, हेच पुष्कळांच्या वाट्यास आले.

वाट पाहणाऱ्या मनाचे काय होते, याचा विचार येथे करावयाचा आहे. वस्तू हाती आली म्हणजे आसक्ती जडते, अशी आपली सर्वसाधारण समजूत. श्रीभगवंतांनी दुसऱ्या अध्यायाच्या बासष्टाव्या व त्रेसष्टाव्या श्लोकांत जो क्रम सांगितला आहे तो निराळा आहे. तेथे आरंभ चिंतनापासून होतो. चिंतनातून संग, संगातून काम, कामातून क्रोध, क्रोधातून मोह आणि मोहातून स्मृतीचा भ्रंश. वस्तू मिळाल्याचा या साखळीत कोठेही उल्लेख नाही! अंगणात गाडीचे चाकही आलेले नसताना ही साखळी पुरी होऊ शकते.

इंदूरच्या एका परिचित गृहस्थांची हकिगत सांगतो. २०२२ च्या पाडव्यास त्यांनी थार गाडीची मागणी नोंदविली. घरी जुनी लहान गाडी होती आणि ती चांगली चालत होती. असो. रोज रात्री जेवणानंतर ते भ्रमणध्वनीवर वाळूत आणि नदीपात्रात चालणाऱ्या गाड्यांची चित्रे पाहत बसत. चारही चाकांना बळ कसे मिळते, मंद गतीचा दांडा टाकण्यापूर्वी गाडी कशी थांबवावी लागते, हे सारे त्यांस मुखोद्गत झाले. गाडी थांबविल्यावाचून ते मोठे बळ हाती येत नाही, ही गोष्ट मात्र त्यांनी आपल्या मनास लावून पाहिली नाही. दर आठवड्यास ते विक्रेत्याच्या कारकुनास दूरध्वनी करीत आणि आवाज चढवीत. बिचाऱ्या कारकुनाच्या हाती काय होते? त्या काळी नखाएवढ्या इलेक्ट्रॉनिक चिपांच्या तुटवड्याने जगभरचे गाड्यांचे कारखाने अडले होते.

क्रोध झाला, स्मृतिभ्रंश राहिला होता. त्यांच्या मातोश्रींचे वय अठ्ठ्याहत्तर. त्र्यंबकेश्वरी जाऊन कुशावर्तात एकदा स्नान करावे, एवढीच त्यांची इच्छा. “आई, नवी गाडी आली की नेतो,” असे चिरंजिवांनी चैत्रात सांगितले, वैशाखात सांगितले, आषाढातही सांगितले. पुढे पुढे त्या विचारीनाशा झाल्या आणि चिरंजिवांसही विसर पडला.

बंधूंनो, गाडी घेणे हे पाप नव्हे. घामाच्या पैशाने घेतलेले वाहन गृहस्थाश्रमास शोभतेच. परंतु आज करावयाचे कर्तव्य न आलेल्या वस्तूच्या पदरी बांधून ठेवण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला?

श्रावणातल्या एका संध्याकाळी मातोश्रींनी सहज विचारले, “बाळ, ती तुझी गाडी तयार होते तरी कुठे?”

“नाशिकला.”

“आणि त्र्यंबक तिथून किती?”

“दहा कोसांच्या आतच.”

“मग आपणच जाऊ की रे तिकडे. तिला इकडे यायला वेळ लागतोय. माझ्याजवळ तेवढा आहे का, ते कोणी सांगावं?”

त्या रात्री गृहस्थांनी भ्रमणध्वनी उघडला नाही. त्याच आठवड्यात जुन्या गाडीतून मायलेक आग्रा-मुंबई रस्त्याने निघाले. धुळे, मालेगाव, नाशिक. सारी वाट डांबरी! कुशावर्ताच्या पायऱ्यांवर मातोश्री गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या आणि चिरंजिवांनी त्यांचा हात धरला होता. तेथे आपणांस नव्या गाडीची आठवणही झाली नाही, असे त्यांनी मला पुढे सांगितले.

गाडी मार्गशीर्षात आली. मातोश्रींनी तिला कुंकू लावले, नारळ वाढविला आणि बसावयास गेल्या, तो पाय पायरीपर्यंत पोहोचेना. गाडी फार उंच. इतके महिने गाडीचे एवढे चिंतन केले, पण ही गोष्ट चिरंजिवांच्या ध्यानात आली नव्हती. आता त्या गाडीत मागच्या बाजूस देवघरातला एक जुना पाट कायमचा ठेवलेला असतो. मातोश्रींना चढावयाचे असले म्हणजे ते स्वतः खाली उतरून तो मांडतात.