डोळ्यांतलं पाणी कुणासाठी?

तान्हं बाळ रडून घर डोक्यावर घेतं, पण पहिले काही आठवडे त्याच्या डोळ्यांतून टिपूस येत नाही. बाळंतिणीची उठबस करणाऱ्या बायकांना हे पूर्वापार ठाऊक आहे. चार्ल्स डार्विनला ते अपघाताने दिसलं. त्याच्या कोटाची बाही ७७ दिवसांच्या बाळाच्या उघड्या डोळ्याला घासली आणि तेवढ्या एकाच डोळ्यातून पाणी वाहू लागलं. बाळ जिवाच्या आकांताने ओरडत होतं, दुसरा डोळा मात्र कोरडा. म्हणजे अश्रुग्रंथी तयार होती, दुःखाशी तिची ओळख व्हायची होती. १८७२ सालच्या आपल्या पुस्तकात डार्विनने हे नोंदवलं आणि दुःखाच्या अश्रूंना तसा काही उपयोग नाही, असा निर्वाळाही देऊन टाकला.

एवढा बारकाईने पाहणारा माणूस इथे घाईत गेला असं मला वाटतं.

डोळा ओला ठेवणारं पाणी वेगळं, त्याचं काम उघड आहे. पापणी लवते, पाण्याचा पातळ थर बुबुळावर पसरतो, उरलेलं नाकाकडच्या कोपऱ्यातल्या बारीक छिद्रांतून नाकात उतरतं. त्या पाण्यात जंतू मारणारं द्रव्यही असतं. १९२०च्या दशकात अलेक्झांडर फ्लेमिंगला ते सापडलं, तेव्हा प्रयोगासाठी अश्रू मिळावेत म्हणून तो लोकांच्या डोळ्यांत लिंबू पिळायचा. कांदा चिरताना येणारं पाणी हा याच बंदोबस्ताचा पुढचा भाग. भरताच्या नाट्यशास्त्रात अश्रूंच्या कारणांची यादी आहे. तिच्यात आनंद, राग, भय, शोक यांच्या पंगतीला धूर, अंजन, जांभई, थंडी आणि टक लावून पाहणंही बसलंय. नटाला कामाची असलेली ही यादी शरीरशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही चालावी.

खरा पेच धूर आणि शोक एकाच पंगतीला का, हा आहे. नेदरलँड्सचे मानसशास्त्रज्ञ आद फिंगरहूट्स यांनी आयुष्यभर रडण्याचा अभ्यास केला. त्यांचं म्हणणं मला सगळ्यात पटतं. पिल्लं ओरडून आईला बोलावतात, तसंच माणसाचं मूलही. पण ओरडण्यात धोका असतो, कारण आवाज आईच्या कानावर जातो तसा शिकाऱ्याच्याही. माणसाचं बालपण फार लांबतं, आणि मोठेपणीही त्याचं दुसऱ्यावाचून चालत नाही. मग वयाबरोबर आवाज कमी होतो आणि पाणी उरतं. हंबरडा चार घरं ऐकतात, डबडबलेले डोळे फक्त समोरच्याला दिसतात. मदतीची ही हाक अंगणाबाहेर जात नाही.

अमेरिकेतल्या रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी रडणाऱ्या माणसांच्या छायाचित्रांतून नुसते अश्रू पुसून टाकले. चेहरा तोच, भुवया त्याच, ओठांचा बाक तोच. पण पाहणाऱ्यांना ते चेहरे कमी दुःखी वाटले आणि नक्की काय झालंय तेही नीट कळेना. कोणी गोंधळलंय, की विचारात पडलंय? गालावरच्या त्या दोन ओघळांनी सगळा उलगडा होत होता.

शिवाय हे पाणी हुकमी येत नाही. हसू ओठांवर चिकटवता येतं, अश्रुग्रंथीची दोरी मात्र आपल्या हातात नसते. म्हणून तर सिनेमाच्या सेटवर ग्लिसरीनची बाटली लागते. मनात आणताच रडू शकणारे थोडेच, आणि ते एक तर कसलेले नट असतात, नाही तर पुढारी.

“रडून घे, मोकळी होशील” हे आपल्याकडचं हमखास औषध. त्याला शास्त्राचा आधार देण्याचा प्रयत्नही झाला. १९८०च्या दशकात विल्यम फ्रे यांना भावनेच्या अश्रूंत कांद्याच्या अश्रूंपेक्षा प्रथिनं जास्त आढळली. त्यावरून त्यांनी कल्पना मांडली, की ताणाची द्रव्यं अश्रूंवाटे बाहेर पडत असावीत. कल्पना गोड आहे. पण या पाण्याचा बराच भाग नाकावाटे घशात उतरतो. बाहेर टाकलेलं दुःख आपण पुन्हा गिळतोच की! २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना दोन रडवणारे चित्रपट दाखवले. रडलेल्यांचं मन लगेच हलकं झालं नाही, उलट आणखी खालावलं. वीस मिनिटांनी ते पूर्वपदावर आलं आणि दीड तासाने मात्र चित्रपटापूर्वीपेक्षा बरं झालं. लोकांनी सांगितलेल्या रडण्याच्या अनुभवांतूनही आराम आपोआप मिळत नाही असंच दिसतं: जवळ कोणी समजून घेणारं होतं त्यांना बरं वाटलं, रडल्याची लाज वाटली त्यांना फारसं नाही.

१९९१ साली ‘माहेरची साडी’ला बायका घोळक्याने जात, पदर ओले करून येत. जाणकारांनी नाकं मुरडली. पण घरी ज्या रडण्याला कोणी विचारत नव्हतं, त्याला तिथे अंधारात शेजारच्या खुर्चीची साथ होती. चित्रपट किती भडक होता हा वाद वेगळा.

दुःखाच्या घरी नवं माणूस दारात आलं की ओसरलेलं रडणं पुन्हा उसळतं. शहरी पाहुण्याला हा देखावा वाटतो. ‘आत्तापर्यंत तर गप्प होत्या’ असं तो हळूच म्हणतो. त्याचं निरीक्षण बरोबर, निष्कर्ष चूक. बघणारं कोणी आलं म्हणूनच तर रडू आलं! आणि नळ सोडून न्हाणीघरात एकट्याने रडणारे? हा माझ्या म्हणण्याला पडलेला खरा छेद आहे. फिंगरहूट्सही मान्य करतात, की मोठी माणसं बरंचसं एकटीच रडतात. मला वाटतं, तिथेही मनात कोणीतरी असतं, गेलेला माणूस, देव, नाही तर ज्याने बघायला हवं होतं तो. पण मग तो नळ कशाला सोडलेला असतो, याचं उत्तर त्यातून मिळत नाही. ते ‘मुलीसारखा काय रडतोस’ असं पाच वर्षांच्या पोराला दटावणाऱ्यांकडे मागावं लागेल.