शिकवल्याशिवाय नापास

बसा. मूसाखेडी आणि बाणगंगाच्या वस्त्यांसाठी तुमच्या संस्थेनं छापलेलं पत्रक वाचलं मी. नैसर्गिक कुटुंबनियोजनाला त्यात एकच ओळ: ‘ही पद्धत भरवशाची नाही आणि अशिक्षित महिलांना जमत नाही.’ कुणाला विचारून लिहिलंत? त्या बायकांना तर नाहीच.

पाळीचे दिवस बोटांवर मोजून बांधलेला अंदाज आणि स्राव व तापमान रोज पाहून ओळखलेले दिवस, तुम्ही दोन्ही एकाच पोत्यात कोंबलेत. स्त्रीबीज सुटल्यावर जेमतेम एक दिवस टिकतं, शुक्राणू पाचेक दिवस. म्हणजे गर्भ राहू शकेल असे महिन्यात सहाच दिवस. त्या दिवसांत स्राव ओला, पारदर्शक, ताणला जाणारा होतो आणि बीज सुटल्यावर शरीराचं तापमान किंचित चढतं. मी हे फळ्यावर लिहून दिलं होतं. वह्या कुठे गेल्या? 2007 साली जर्मनीत याच स्राव-तापमानाच्या पद्धतीवर 900 स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नियम तंतोतंत पाळले त्या चक्रांच्या हिशेबात वर्षाला शंभरांमागे एकीलाही गर्भ राहिला नव्हता, आकडा 0.4.

‘बाई, त्या जर्मन होत्या,’ असं म्हणायला तोंड उघडू नका. जागतिक आरोग्य संघटनेनं 1981 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचं एक केंद्र बंगळुरूला होतं, एक मनिलाला, एक एल साल्वाडोरला. त्यात अक्षरओळख नसलेल्याही होत्या. दहांपैकी नवांहून अधिक जणींना पहिल्याच चक्रात स्रावाची खूण ओळखता आली. मग त्याच अभ्यासात वर्षभरात शंभरांमागे वीसेक गर्भ का राहिले? बहुतेक वेळा नियम माहीत असून मोडल्यामुळे. आणि मोडायला एकटी बाई पुरत नाही.

इथेच तुमची खरी चूक आहे. तुमचं शिबिर सकाळी अकराला, नवरे कामावर असताना. बाईला तक्ता शिकवता आणि रात्री ‘नको’ म्हणायचं ओझंही तिच्याच डोक्यावर ठेवता. याच मध्य प्रदेशात निम्म्याहून अधिक विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली आहे, पुरुषांची एक टक्काही नाही. नवऱ्याला बाहेर ठेवायची सवय तुम्हाला आधीपासूनच आहे, मग पद्धतीला कशाला दोष देता?

आणखी एक. ‘हे चर्चवाल्यांचं खूळ’ असं तुमच्यापैकी एकजण कुजबुजला, ते ऐकलंय मी. 1935 च्या डिसेंबरात संततिनियमनाच्या पुरस्कर्त्या मार्गारेट सँगर वर्ध्याला गांधीजींना भेटल्या. गर्भनिरोधक साधनांना गांधीजींचा कडवा विरोध होता, पण सुरक्षित दिवसांच्या पद्धतीत निदान संयम आहे, एवढं त्यांनी मान्य केलं. त्यांच्याच सहकारी राजकुमारी अमृत कौर पुढे आरोग्यमंत्री झाल्या आणि त्यांच्या काळात जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं रामनगरम आणि दिल्लीच्या लोदी कॉलनीत याच पद्धतीचे प्रयोग झाले. दिवस मोजायला रंगीत मण्यांच्या माळा वाटल्या. माळ जवळ ठेवली की काम झालं, असं काही बायकांना वाटलं. आपण आजही त्यावर हसतो. हसू कुणावर यायला हवं होतं, माळ वाटणाऱ्यांवर की घेणाऱ्यांवर?

दुसऱ्या टोकाच्या मंडळींनाही सोडणार नाही. ‘औषध नाही, म्हणून धोका नाही’ असं सांगत फिरणाऱ्या एका संस्थेचा प्रस्ताव माझ्याकडे आलाय. मण्यांच्या माळेची आजची पद्धत 26 ते 32 दिवसांच्या पाळीलाच लागू पडते. त्यात आठव्यापासून एकोणिसाव्या दिवसापर्यंत संबंध टाळायचे किंवा निरोध वापरायचा. रोजच्या वापरात तरीही वर्षाला शंभरांतल्या बाराजणींना दिवस राहतात. गुप्तरोगांपासून कोणतीच नैसर्गिक पद्धत वाचवत नाही. स्तनपानाची पद्धत बाळ सहा महिन्यांच्या आत, पाळी न आलेली आणि बाळ जवळपास अंगावरच्या दुधावर, या तिन्ही अटी एकत्र असतील तरच चालते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण हिला आधुनिक पद्धतींत मोजतं आणि तुमच्या पत्रकात तिचं नावही नाही!

पत्रक परत न्या. अनियमित पाळी, मारहाण करणारा नवरा, घरात नसलेला एकांत, ही पद्धत लागू न पडण्याची कारणं लिहा, तशा बायकांसाठी तांबी, गोळ्या, निरोध पुढे करा. ‘जमत नाही’ खोडा. सोमवारपासून तुम्ही तिघी स्वतःचा तक्ता भरायला घ्या आणि तीन पाळ्यांनंतर तो घेऊन या. मुलांनो, तुम्ही रविवारच्या शिबिराला नवऱ्यांना बोलवायचं काम करा. किती आले, तो आकडा मला खरा सांगायचा.