वंशावळीत एक नाव कमी होतं

॥ श्रीगुरवे नमः ॥



या वेळी चातुर्मासाच्या नेमांबद्दल लिहायचं ठरलं होतं. पण मधल्या काळात आपल्याच परिवारातल्या दोन-तीन घरांतून एकच प्रश्न आला. आई-वडिलांचा घटस्फोट झाला, मूल एकाकडे वाढलं. मग दुसऱ्याच्या मिळकतीत त्या मुलाचा हक्क राहतो का? हा प्रश्न आमच्या घरातही येऊन गेला आणि आम्ही त्यात चुकणारच होतो. म्हणून आज तेच लिहितो. घरच्यांना विचारून लिहीत आहोत, नावं मात्र घातलेली नाहीत.

आमचे थोरले दीर गेल्या वर्षी गेले. त्यांचं पहिलं लग्न टिकलं नाही. रीतसर घटस्फोट झाला तेव्हा मुलगी चार वर्षांची होती, ती आईबरोबर कोल्हापूरला गेली. पुढे भावजींनी दुसरं लग्न केलं, एक मुलगा झाला. बेळगावातलं घर त्यांनी नोकरीच्या पैशातून बांधलेलं, शिवाय गावी वडिलार्जित शेत.

तेरावा झाला, पाहुणे परतले आणि कागदपत्रांची गोष्ट निघाली. उताऱ्यावर वारसांची नावं लावायची, तर वंशावळ द्यावी लागते आणि ती शपथेवर. पुतण्याने कागद करून आणला. त्यात नावं तीन : आई, पत्नी, मुलगा. आम्ही सगळ्यांनी वाचला. कोणी काही बोललं नाही. आम्हीही नाही. पंच म्हणून सही करायला आमच्या घरचेच पेन काढून बसले होते.

सासूबाईंना आता नीट दिसत नाही, म्हणून त्यांना कागद वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "आणि थोरलीचं नाव?"

मग एकेकाने कारणं द्यायला सुरुवात केली. "ती त्यांच्याकडची झाली की आता." "तिच्या आईला तेव्हाच एकरकमी पैसे दिलेत." "बाप गेला तरी आली नाही." सासूबाई एवढंच म्हणाल्या, "मग मी अंगठा देत नाही." आणि आत निघून गेल्या.

त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी ओळखीच्या वकिलांकडे गेलो. त्यांनी जे समजावलं ते थोडक्यात असं.

घटस्फोटाने नवरा-बायकोचं नातं संपतं. त्यामुळे घटस्फोटित पत्नी नवऱ्याची वारस राहत नाही. मुलांचं नातं मात्र त्याने तुटत नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्र न करता कोणी पुरुष गेला, तर त्याची आई, पत्नी, मुलगे आणि मुली पहिल्या वर्गाचे वारस. मूल पहिल्या लग्नाचं की दुसऱ्या, कोणाकडे वाढलं, भेटायला येत होतं की नाही, हे कायदा विचारत नाही. म्हणजे आमच्या भावजींच्या घरात चार वाटे, चारही सारखे. वडिलार्जित शेताचं गणित वेगळं असतं, पण तिथेही २००५ च्या दुरुस्तीने मुलीला मुलासारखाच जन्माने हक्क आहे. त्या दिवशी वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलं.

एकरकमी दिलेले पैसे ही तिच्या आईची पोटगी होती. ते मुलीच्या वारशाचे पैसे नव्हेत.

वकिलांनी आणखी एक गोष्ट सांगितली. आई-वडिलांचं लग्न कायद्याने रद्दबातल ठरलं, तरी मुलं औरस मानली जातात आणि आई-वडिलांच्या वाट्यात त्यांना हक्क असतो. कर्नाटकातल्याच एका खटल्यात १ सप्टेंबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने तसा निकाल दिला. मोठ्यांच्या चुकीचं ओझं लेकरावर टाकायचं नाही, हाच त्यामागचा विचार. आपण सत्संगात हेच ऐकतो की! पण घरचा कागद पुढे आला तेव्हा विसरलो.

आम्हाला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. वाटा कोणाला किती हा नंतरचा प्रश्न. ज्या कागदावर 'याशिवाय दुसरे कोणी वारस नाहीत' असं शपथेवर लिहिलेलं, त्यावर आम्ही सही करणार होतो. तो कायद्याने गुन्हा आहेच. पण रोज पहाटे जपाला बसणारी माणसं आम्ही. देवाला स्मरून खोटं सांगायला तयार झालो होतो, आणि ते खोटं आहे असं आमच्या मनातही आलं नाही. नाव न लिहिणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, असं धरून चाललो होतो.

मुलीला फोन केला. ती म्हणाली, "काकू, मला कोणी कळवलंच नाही. कोणाच्या तरी स्टेटसवर बाबांचा फोटो बघितला." 'बाप गेला तरी आली नाही' म्हणणारे आम्हीच. आणि आमच्यापैकी एकानेही तिला फोन केलेला नव्हता.

आता दुसरी बाजूही लिहायला हवी. आमच्या जाऊबाईंनी भावजींचं आजारपण तीन वर्षं एकटीने काढलं. "उद्या घर विकायला लावलं तर मी कुठे जाऊ?" ही त्यांची भीती खोटी नाही. पण त्या भीतीवर उपाय भावजींच्या हातात होता. स्वकष्टाच्या मिळकतीचं मृत्युपत्र करता येतं, पत्नीला हयातभर राहण्याचा हक्क लिहून देता येतो. तो विषय आपण घरात काढत नाही, अशुभ मानतो. मग मागे राहिलेल्यांना एकमेकांसमोर उभं राहावं लागतं.

मृत्युपत्राने एखाद्या मुलाला काहीच न देणंही बरोबर आहे का? पारायणाला आलेल्या फोंड्याच्या ताईंनी सांगितलं की गोव्यात तसं करता येत नाही. तिथे मुलं असतील तर मिळकतीचा अर्धाच भाग आपल्या मर्जीने देता येतो. उरलेला अर्धा मुलांसाठी राखीव, आणि कायद्यात दिलेल्या कारणांशिवाय तो काढून घेता येत नाही. बेळगाव, इंदूर, बडोदा, हैदराबादला आपल्याला हा हिंदू कायदा लागू. त्यात स्वकष्टाचं सगळं कोणालाही देता येतं. म्हणजे तिथे न्याय आपल्या मनाने करायचा. आम्हाला वाटतं, कमी-जास्त द्यावं, कारण लिहावं, पण लेकराला पुसून टाकू नये.

कागद पुन्हा केला, चार नावांचा. सासूबाईंनी अंगठा दिला. कोणीतरी लगेच म्हणालं, "आता तिच्याकडून हक्कसोड घेऊन टाका." आम्ही नको म्हटलं. एका हाताने नाव लावायचं आणि दुसऱ्या हाताने काढून घ्यायचं, याला अर्थ नाही. तिने सोडलं तर तिच्या मनाने, तिच्या वेळेने. तिने अजून काही ठरवलेलं नाही. जाऊबाईही पूर्वीसारख्या बोलत नाहीत. घर अजून शांत झालेलं नाही, हे खरं तेच लिहितो.

आपल्या घरांसाठी एवढीच विनंती :

१. वंशावळ करताना सगळ्या मुलांची नावं घाला. घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला ती वाचून दाखवा.
२. दुसरं लग्न झालेलं असेल तर हातपाय चालते आहेत तोवर वकिलांच्या सल्ल्याने मृत्युपत्र करा.
३. दूर वाढलेल्या लेकराला निदान सुख-दुःखाची बातमी कळवा.

भावजींचं वर्षश्राद्ध पुढच्या महिन्यात आहे. या वेळी कोल्हापूरला पहिला फोन आम्ही केला. ती येते म्हणाली आहे.

लेखनसेवा श्रीगुरुचरणी अर्पण.

— बेळगाव केंद्रातील एक सेविका