पाटीवरची चूल

गेल्या उन्हाळ्यात आत्याला घेऊन नाशिकहून पुण्याला येत होतो. दुपार टळली होती. हमरस्त्याच्या कडेला एका हॉटेलाची पाटी दिसली : 'चुलीवरचे जेवण. गावरान चव. अगदी घरगुती.' दारातच सारवलेल्या ओट्यावर चूल धगधगत होती. आम्ही पिठले-भाकरी मागवली. पहिला घास घेताच आत्या म्हणाली, "अरे, ही भाकरी गॅसवरची आहे."

"कशावरून?"

"चाळीस वर्षे चूल फुंकली मी. आरावर शेकलेली भाकरी कोणती आणि जाळावर धरलेली कोणती, हे मला कळत नाही होय?"

हात धुवायला उठलो, तो स्वयंपाकघराचे दार उघडेच होते. आत गॅसच्या शेगड्या ओळीने पेटलेल्या. वाढणाऱ्या पोराला विचारले, तर तो हसून म्हणाला, "एवढ्या गिऱ्हाइकांना एक चूल कशी पुरणार, साहेब? ती बघण्यापुरती. पण चव बरी आहे ना?"

चव खरोखरच बरी होती, आणि येथेच माझी पंचाईत झाली. भाकरी चांगली, दाम वाजवी, पोट भरलेले. मग मी फसलो तो नेमका कशात?

आता, सगळीच नावे शब्दशः घ्यावयाची नसतात, हे मुलांना भाषा शिकवणाऱ्या माझ्यासारख्या मास्तराला ठाऊक असते. आपल्या बोंबलाला इंग्रजीत 'बॉम्बे डक' म्हणतात, म्हणून त्यात कोणी बदक शोधीत नाही. 'चायनीज भेळ' चीनच्या वाटेलाही गेलेली नाही. 'व्हेज कोल्हापुरी'चा लाल जाळ पाहून कोल्हापूरकरही चकित होतो. त्याच्या ताटात तर तांबड्या रश्श्याशेजारी सौम्य पांढरा रस्साही असतो. ही नुसती नावे. त्यांनी कोणाचे काही बिघडत नाही.

पण 'चुलीवरचे', 'साजूक तुपातले', 'दम दिलेली' ही नावे नव्हेत. ती कृतीची हकीकत आहे. दम देणे म्हणजे झाकणाच्या कडा कणकेने लिंपून मंद आचेवर अन्न त्याच्याच वाफेत शिजू देणे. आयत्या भातात आयता रस्सा कालवून त्याला दम बिर्याणी म्हटले, तर ती खोटी साक्ष झाली. नाव ठेवणारा म्हणतो, 'याला असे म्हणतात.' साक्ष देणारा म्हणतो, 'मी असे केले.' आणि खाणारा बिचारा दाराबाहेर बसलेला असतो. त्याच्या हाती त्या शब्दावाचून दुसरे काही नसते.

कायद्याने या दाराआड डोकावण्याची एक मोठी नामी युक्ती केली होती. साजूक तुपात वनस्पती तूप मिसळले तर जिभेला सहज कळत नाही. म्हणून १९५४ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याखालच्या नियमांत अशी अट होती, की वनस्पती तुपात निदान ५ टक्के तिळाचे तेल असावे. ते तेल ठरावीक रसायनांच्या कसोटीला गुलाबी रंग देते. म्हणजे कोणी लबाडी केलीच, तर तूप स्वतःच लाजून लाल व्हावयाचे! पुढे २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत दंड ठेवला. पण 'घरगुती' या शब्दात कोणते तीळ घालावेत?

येथवर लिहिले आणि लेखणी अडखळली. गेल्या दिवाळीत आईचे हात थरथरू लागले होते, म्हणून मी अनारसे विकत आणले. पाहुण्यांनी एक तोंडात टाकला आणि म्हणाले, "वा! काकूंच्या हाताची चव अजून तशीच आहे." मी चटकन बोलून गेलो, "आईच्याच हातचे ते." पाहुणे सुखावले. आई काहीच बोलली नाही. मात्र तिने त्या दिवाळीत एकही अनारसा खाल्ला नाही.

मला वाटले होते, मी आईचा मान राखला. आज वाटते, अनारसे जमले नाहीत तर तुझा मान उरत नाही, असेच मी तिला चारचौघांत सांगितले. आणि ज्या कोणा बाईने ते खरोखर केले होते, तिचे कष्टही मी पुसून टाकले. त्या पोरात आणि माझ्यात फरक तो काय? चव बरी होती, हेच माझेही समर्थन.

खोट्या शब्दाने खाणाऱ्याचे फार तर चार पैसे जातात. करणाऱ्याचे मात्र सारे करणेच नाहीसे होते. आत्याचे डोळे चुलीच्या धुराने गेले. आता तीही गॅसवरच भाकऱ्या करते आणि तिला त्याची मुळीच खंत नाही. पण ज्या धुराने तिचे डोळे नेले, तो पाटीवर रंगवून विकावा, आणि धूर मात्र कोणीच सोसू नये, हे तिला घासागणिक टोचत होते.

यंदा अनारसे घरीच करावयाचे ठरले आहे. परवा एक घाणा करून पाहिला. आई पाटावर बसून सांगत होती, मी तळत होतो. तूप जरा जास्त तापले आणि पहिले चारही अनारसे कढईत हसले. ते पाहून आईही हसली. पाहुणे आले की ते हसलेलेच पुढे ठेवीन आणि म्हणेन, "सांगणे आईचे, बिघडवणे माझे."