आवाज दाबू नका, ऐका

॥ श्री गुरुदेव दत्त ॥
गुरुवारच्या सत्संगातील महाराजांचे प्रवचन

बाळांनो, आज एका जुन्या गाडीची गोष्ट सांगतो. बेळगावचे आपलेच एक साधक. त्यांच्याकडे १९९८ सालची मारुती ८००. म्हाताऱ्या आईला घेऊन दत्तदर्शनाला नृसिंहवाडीला निघाले. गाडीत टिक-टिक आवाज येत होता. आई म्हणाली, "अरे, किती दिवस झाले, हा आवाज येतोच आहे." हे म्हणाले, "जुनी गाडी आहे, चालायचंच." आणि भजनाचा आवाज वाढवला. टिक-टिक ऐकू येईना. यांना वाटलं, गेली!

संकेश्वरला चहाला थांबले. शेजारीच एक गॅरेज. आईने हट्टच धरला, दाखवून घे. मिस्त्री आला आणि पहिलं वाक्य काय बोलला? "साहेब, आधी भजन बंद करा."

मग त्याने उभ्या गाडीला रेस द्यायला सांगितली. रेस वाढली तशी टिक-टिकही वाढली. म्हणाला, "चाक फिरत नाही तरी आवाज येतोय, म्हणजे टायरमध्ये खडा अडकलेला नाही. आवाज इंजिनाचा आहे." एक लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक इंजिनावर आणि मूठ कानाला. दोन-चार ठिकाणी ऐकून टॅपेटच्या कव्हरवर थांबला. गाडी बंद करून ऑइलची पट्टी काढली. तेल खालच्या खुणेच्याही खाली! "असेच पळवत राहिला असता तर इंजिन बसलं असतं," म्हणाला.

तेल भरलं. आवाज बराच कमी झाला, पण गेला नाही. इंजिन गार होईपर्यंत थांबून त्याने टॅपेटची फट जुळवली. यांनी विचारलं, "पूर्णच आवळून टाक ना, आवाजच नको." तो हसला. "साहेब, फट ठेवावी लागते. फार आवळलं तर व्हॉल्व जळतो."

हे गृहस्थ परत आल्यावर मला म्हणाले, "महाराज, रोज अकरा माळा करतो, तरी मन शांत का होत नाही?" मी विचारलं, "माळ केव्हा हातात घेता?" बराच वेळ बोलले नाहीत. मग डोळे भरले. घराच्या वाटणीवरून दोन वर्षं धाकट्या भावाशी बोलणं नाही. त्याची आठवण आली की हे माळ घेऊन बसायचे. आईने विषय काढला तरी तेच.

बघा, गाडीत जे केलं तेच घरात! नाम घ्यावं, जरूर घ्यावं. पण नाम मनातली टिक-टिक दाबायला नाही. नामाने मन थोडं स्थिर होतं, मग ती नीट ऐकू येते. ऐकू आली की तिच्याकडे बघायचं असतं. पळून जाण्यासाठी केलेला जप म्हणजे वाढवलेलं भजन.

संस्कृतात तेलालाही स्नेह म्हणतात आणि प्रेमालाही स्नेहच. मिस्त्रीने आधी काय बघितलं? तेल. आपण आधी समोरच्याची चूक बघतो. आपल्याकडचा स्नेह किती खाली गेलाय, ती पट्टी कोण काढून बघतो? आणि स्नेह भरल्यावरही सगळं आपल्या मनासारखं आवळायला जाऊ नये. भावा-भावांत थोडी फट राहणारच. ती प्रमाणात असावी, एवढंच. आणि हे काम तापलेल्या इंजिनावर होत नाही, आधी गार व्हावं लागतं.

त्यांनी त्याच रात्री भावाला फोन केला. वाटणी अजून व्हायची आहे, तिढा आहेच. पण फोन सुरू झाला. आई आता जेवताना दोघांचीही चौकशी करते.

या आठवड्याची साधना: रोज जपाआधी पाच मिनिटं नुसतं शांत बसावं. आत कोणता आवाज येतो, कोणाच्या आठवणीने वाढतो, ते ऐकावं. मगच माळ हातात घ्यावी. आणि ज्याच्या नावाने टिक-टिक होते, त्याला निदान एक फोन करावा.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥