रापणीतला वाटा

अमेरिकेतल्या नामांकित विद्यापीठांत प्रवेशाच्या दोन फेऱ्या होतात. एकीचे अर्ज नोव्हेंबरात आणि निकाल डिसेंबरात. दुसरीचे अर्ज जानेवारीत आणि निकाल मार्चअखेर. 2019 च्या डिसेंबरात हार्वर्डने लवकरच्या फेरीतल्या 13.9 टक्के अर्जदारांना घेतलं. त्या वर्षीचा दोन्ही फेऱ्यांचा मिळून दर 5 टक्क्यांच्या आतच होता. हे आकडे शेजारी ठेवले की कुणीही म्हणेल, लवकर अर्ज करा, संधी तिप्पट. मुलांना परदेशी पाठवू पाहणाऱ्या आपल्याकडच्या पालकांनाही हाच सल्ला मिळतो.

पण त्या लवकरच्या फेरीत कोण असतं? विद्यापीठाच्या संघांसाठी प्रशिक्षकांनी आधीच हेरलेले खेळाडू बहुतांशी तिथेच अर्ज करतात. हार्वर्डविरुद्धच्या ज्या खटल्याचा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये दिला, त्यात पुढे आलेल्या आकडेवारीनुसार अशा खेळाडूंपैकी सुमारे 86 टक्क्यांना प्रवेश मिळत होता. आता एक काल्पनिक हिशेब मांडू. हजार अर्ज, 150 प्रवेश. म्हणजे 15 टक्के. त्या हजारांत 110 हेरलेले खेळाडू, त्यातले 95 आत गेले. उरले 890 अर्जदार आणि 55 जागा. त्यांच्यासाठी शक्यता झाली 6 टक्के. माजी विद्यार्थ्यांची मुलं अजून वजा केलेलीच नाहीत.

यात खोटं कुणीच बोललेलं नाही. 15 हा आकडा खरा आहे, फक्त तो कुणाचाच नाही. खेळाडूसाठी शक्यता 86 टक्के आहे, बाकीच्यांसाठी 6. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, तिथे हा प्रकार रोजचा. निम्म्या लोकांना पान क्षणात दिसतं, निम्मे दहा सेकंद ताटकळतात, आणि अहवालात सरासरी पाच सेकंद लिहून येते. पाच सेकंद थांबलेला माणूस मात्र शोधून सापडत नाही. सरासरीने कुणाची फसगत होणार हे ठाऊक असूनही ती तशीच पुढे करणं, याला खरं बोलणं म्हणावं का? मला वाटतं, म्हणू नये. जो आपल्या दारात अर्ज घेऊन येतो, त्याला त्याच्या रांगेची लांबी सांगणं हे दार राखणाऱ्याचं कर्तव्य आहे.

यावर कुणी म्हणेल, मुळात खेळाडूंना वेगळं दार कशाला? आमच्या सिंधुदुर्गात हे मत बरंच ऐकू येतं. दहावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षं राज्यात पहिला येतो, आणि मार्क ही इथल्या घरांना सगळ्यांत सरळ वाटणारी शिडी आहे. खेळाचे सवलतीचे गुण मिळालेल्या मुलाकडे म्हणून जरा तिरकंच बघितलं जातं. मला हे पटत नाही. पहाटे चार वाजता उठून दहा वर्षं सराव करणं ही काही कमी प्रतीची मेहनत नव्हे. महाराष्ट्रात 2005 पासून सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के जागा आहेत. आयआयटी मद्रासने 2024-25 पासून प्रत्येक पदवी अभ्यासक्रमात खेळाडूंसाठी दोन जादा जागा ठेवल्या, त्यातली एक मुलींसाठी. जेईई ॲडव्हान्स्डच्या गुणवत्ता यादीत नाव हवंच. शिवाय गेल्या चार वर्षांत राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय पदक हवं. या जागा नेहमीच्या जागांतून कापलेल्या नाहीत आणि त्या किती हे सगळ्यांना आधीच माहीत आहे. दार वेगळं आहे, पण त्यावर पाटी आहे.

मग पाटी लावली की झालं? नाही. उघडपणे केलेला अन्याय हाही अन्यायच. त्या दारापर्यंत कुणाचे पाय पोचतात, हेही विचारावं लागतं. अमेरिकेत रोइंग, शिडाच्या बोटी, स्क्वॉश, तलवारबाजी या खेळांतूनही असे प्रवेश होतात. क्लब आणि खासगी प्रशिक्षक परवडणाऱ्यांचे हे खेळ. 2023 मध्ये राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की परीक्षेतले गुण सारखेच असले तरी अतिश्रीमंतांच्या मुलांना या विद्यापीठांत मध्यमवर्गीयांच्या दुपटीहून अधिक संधी मिळते, आणि या फरकातला सुमारे चौथा हिस्सा खेळाडूंच्या भरतीतून येतो. गरीब मुलाला वर काढणारी शिडी म्हणून ज्या दाराचं समर्थन होतं, त्यातून आधीच वर असलेलेही आत जातात.

दांडी, सर्जेकोट, देवबागची मुलं चालायला लागतात तेव्हापासून पाण्यात असतात. वारा फिरला की होडी कशी वळवायची हे त्यांना कुणी शिकवत नाही. पण हे कौशल्य अर्जात कुठे लिहायचं? मालवणच्या चिवला किनाऱ्यावर राज्यस्तरीय सागरी जलतरण स्पर्धा होतात, राज्यभरातून मुलं येतात. तिथे उतरायला पोहता येणं पुरत नाही. प्रवेश अर्ज हवा, गटाप्रमाणे सराव हवा, वेळ लावून शिकवणारं कुणी हवं. समुद्र दाराशी असतो, प्रमाणपत्र नसतं. गुणवत्ता म्हणून आपण जे मोजतो ते बऱ्याचदा गुणवत्तेचं कागदपत्र असतं.

आणि जिथे सगळा भार एका कागदावर, एका प्रशिक्षकाच्या शब्दावर असतो, तिथे कागद विकलाही जातो. 2019 मध्ये अमेरिकेत उघड झालं की रिक सिंगर नावाच्या दलालाने पैसे घेऊन, प्रशिक्षकांना लाच देऊन, कधीही न खेळलेल्या मुलांना खेळाडू म्हणून विद्यापीठांत घुसवलं होतं. आपल्याकडे ट्रॅम्पोलिनसारख्या खेळांची बनावट प्रमाणपत्रं दाखवून सरकारी नोकऱ्या मिळवल्याचं निघालं. दोन्हीकडे खऱ्या खेळाडूचीच जागा गेली.

आमच्या किनाऱ्यावर रापण ओढतात. जाळ्यात ज्यांचा हिस्सा, त्यांचा वाटा वेगळा; नुसते ओढायला आलेल्यांचा वेगळा. वाटे समान नसतात, त्यावरून कुरबुरीही होतात. पण दोरीला हात घालण्याआधी माणसाला आपला वाटा ठाऊक असतो. जाळ्याचे वाटे मिळवून सरासरी काढायची आणि ती दाखवून किनाऱ्यावरच्या पोरांना ओढायला बोलवायचं, असं कुणी केलं तर दुसऱ्या दिवशी दोरीला कुणी येणार नाही. विद्यापीठांच्या दारात मात्र दरवर्षी गर्दी असतेच, कारण तिथे ओढणाऱ्याला आपला वाटा कळतच नाही.

खेळाडूंच्या जागा किती, माजी विद्यार्थ्यांच्या मुलांच्या किती, आणि त्या वगळून उरलेल्यांसाठी किती अर्जांमागे किती जागा, हे तीन आकडे अर्जाच्या पहिल्या पानावर छापायला काहीच खर्च येत नाही. खेळाडूंची निवड प्रशिक्षकाच्या एकट्याच्या शब्दावर न ठेवता तपासता येईल अशी करायला थोडा येईल. ज्या मुलाच्या घरी अर्जाची फी जमवायला दोन महिने लागतात, त्याला 15 नव्हे, 6 सांगा. तरीही त्याने अर्ज केला, तर तो त्याचा निर्णय असेल.