अनुग्रह, दुःख आणि दोन अमेरिकन चित्रपट

माणसाच्या वाट्याला येणारे सुख त्याने कमावलेले असते की त्याला ते दिलेले असते, आणि दिलेले असेल तर एकाला देऊन दुसऱ्याला ते का नाकारले जाते, हा प्रश्न ख्रिस्ती धर्मविचाराला निदान सोळाशे वर्षे छळत आला आहे. पाचव्या शतकाच्या आरंभी संत ऑगस्टीन आणि पेलागियस यांच्यात जो वाद पेटला त्याचे मूळ याच प्रश्नात होते. माणूस स्वतःच्या इच्छाशक्तीने सन्मार्गाला लागू शकतो असे पेलागियस मानत असे, तर ईश्वराने आधी हात दिल्याशिवाय पडलेल्या माणसाला उठताच येत नाही असे ऑगस्टीनचे म्हणणे होते. पात्रता न पाहता मिळणाऱ्या या ईश्वरी देण्याला येथे ‘अनुग्रह’ म्हटले आहे. गुरूकडून अनुग्रह घेणे म्हणजे दीक्षा घेणे, हा मराठीतला रूढ अर्थ मात्र येथे अभिप्रेत नाही, कारण ख्रिस्ती कल्पनेतला अनुग्रह घेण्यासाठी कोणी उठून जात नाही. तो न मागता येतो, आणि कित्येकदा आला हे कळतही नाही.

या कल्पनेची खरी कसोटी साध्या माणसांचे जगणे जसेच्या तसे मांडणाऱ्या काही अमेरिकन चित्रपटांत लागते, आणि त्यांत ‘टेंडर मर्सीज’ (१९८३) या चित्रपटाला पहिला मान द्यावा लागेल. हॉर्टन फूट या टेक्सासमध्ये जन्मलेल्या नाटककाराने तो लिहिला, ब्रूस बेरेस्फर्ड या ऑस्ट्रेलियन दिग्दर्शकाने तो केला, आणि त्याचे नाव बायबलमधील स्तोत्रांच्या भाषेतून, तेथे येणाऱ्या ईश्वराच्या कोवळ्या दयेच्या उल्लेखांतून, घेतलेले आहे. मॅक स्लेज हा दारूने धुळीला मिळालेला लोकप्रिय गायक टेक्सासच्या माळरानावरील एका मोटेलमध्ये शुद्धीवर येतो तेव्हा त्याच्याजवळ खोलीचे भाडे देण्याइतकेही पैसे नसतात, म्हणून तो मालकिणीकडे काम मागतो. रोझा ली ही व्हिएतनामच्या युद्धात नवरा गमावलेली तरुण विधवा त्याला ठेवून घेते आणि काम करताना दारू प्यायची नाही एवढी एकच अट घालते. पुढे भाजीच्या वाफ्यात काम करता करता मॅक तिला लग्नाचे विचारतो आणि ती विचार करीन म्हणते. विवाहसोहळा मात्र चित्रपटात दिसतच नाही. एखाद्या माणसाचा कायापालट ज्या प्रसंगांनी झाला असे सहसा सांगितले जाते, तेच प्रसंग फूट गाळतो आणि त्यांच्या आगेमागचे रिकामे दिवस दाखवतो. हा त्याच्या लेखणीचा मोठेपणा आहे, कारण बदल असाच, कोणाच्या लक्षात न येता, होत असतो.

मॅकचा आणि रोझाच्या मुलाचा, सनीचा, बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने करावयाचा ख्रिस्ती दीक्षाविधी, एकाच दिवशी होतो. घरी परतताना मुलगा विचारतो की सगळे म्हणत होते तसे काही बदलल्यासारखे वाटते का, आणि मॅक सांगतो की अजून तरी नाही. या ‘अजून’मध्ये श्रद्धेचा जितका प्रामाणिक उच्चार आहे तितका कित्येक प्रवचनांत सापडणार नाही. त्याआधीचा एक प्रसंग याहून मूक आहे. अनेक वर्षांनी भेटायला आलेली, आता मोठी झालेली त्याची मुलगी स्यू अ‍ॅन मॅकला लहानपणी तो गात असलेल्या कबुतराच्या गाण्याची आठवण देते; आपल्याला आठवत नाही असे तो सांगतो, ती निघून जाते, आणि मग खिडकीशी उभा राहून तो तेच गाणे आरंभापासून म्हणतो. कबुतर हे ख्रिस्ती परंपरेत पवित्र आत्म्याचे चिन्ह आहे, पण येथे आधी दिसतो तो खोटे बोललेला बाप.

थोड्याच दिवसांत ही मुलगी मोटार अपघातात मरण पावते. तिच्या दफनानंतर मॅक पुन्हा त्याच वाफ्यात खुरपणी करत असतो, कॅमेरा दूर उभा राहतो, आणि तो रोझाला विचारतो की दारूच्या नशेत आपणही एकदा मोटारीत मरता मरता वाचलो, मग आपण का जगलो आणि ती का गेली. सुखावर आपला विश्वास नाही, कधीच नव्हता, असेही तो म्हणतो. दुःखाच्या जगात ईश्वर न्यायी कसा, या ज्या प्रश्नाला तत्त्वज्ञानात ईश्वर-न्यायाचा प्रश्न म्हणतात, तोच हा बायबलमधील ईयोबाचा प्रश्न आहे. फरक इतकाच की ईयोबाशी वावटळीतून देव बोलतो, आणि येथे रोझा ली नुसती उभी राहते. मराठी वाचकाच्या हाताशी अशा वेळी प्रारब्ध हा शब्द असतो. मागील जन्मांच्या संचितातून या जन्मी भोगावयाचा वाटा असा त्याचा अर्थ, आणि त्याने निदान हिशेब तरी जुळतो. अनुग्रहाच्या कल्पनेत हिशेबच नाही, म्हणून जे सुख फुकट मिळाले ते तसेच जाऊही शकते, ही मॅकची भीती तर्काला धरूनच आहे.

डीट्रिख बॉनहोफर या जर्मन धर्मचिंतकाने १९३७ मध्ये ‘स्वस्त कृपा’ अशी एक संज्ञा वापरली; कृपा म्हणजे येथला अनुग्रहच. पश्चात्ताप आणि किंमत यांच्यावाचून वाटली जाणारी क्षमा असा तिचा आशय आहे. केनेथ लोनर्गन याचा ‘मँचेस्टर बाय द सी’ (२०१६) हा दुसरा चित्रपट ही स्वस्त कृपा ठामपणे नाकारतो. ली चँडलर शेकोटीसमोरची जाळी लावायला विसरतो, बिअर आणायला दुकानात जातो, आणि परत येतो तेव्हा घर पेटलेले असते. त्यात त्याची तीन मुले जातात. ही चूक आहे, गुन्हा नाही, असे पोलीस सांगतात तेव्हा तो पोलिसाचे पिस्तूल ओढून स्वतःवर रोखतो, कारण त्याला शिक्षा हवी असते आणि ती द्यायला कोणी तयार नसते. पुढे पूर्वीची पत्नी रँडी रस्त्यात भेटून रडत रडत त्याची क्षमा मागते, आणि क्षमा समोर उभी असताना ती घेण्याचे बळ त्याच्यात नसते. अनुग्रह नाकारता येतो की नाही यावर ऑगस्टीननंतरच्या शतकांतही पंडितांचे वाद झाले. येथे नाकारण्याचा प्रश्नच नाही, हात पुढे येतो आणि धरायला बोटे वळत नाहीत, इतकेच. म्हणून लीला अनुग्रहापासून वंचित म्हणणे अन्यायाचे होईल. मृत भावाचा मुलगा पॅट्रिक याच्यासाठी, जेथे ती आग लागली त्या गावात राहणे त्याला झेपत नाही, पण बोस्टनमध्ये एक जास्तीची खोली असलेली जागा तो शोधतो, म्हणजे मुलगा कधी आला तर त्याला झोपायला जागा असेल.

दोन्ही चित्रपटांना उत्कृष्ट अभिनेता आणि मूळ पटकथा ही ऑस्कर पारितोषिके मिळाली, पण त्यांचे खरे साम्य त्यांच्या शेवटाकडच्या प्रसंगांत आहे. मॅक सनीसोबत फुटबॉल फेकत राहतो आणि रोझा दारातून पाहत असते. लीच्या भावाच्या दफनानंतर ली आणि पॅट्रिक चढाच्या रस्त्याने चालताना एक चेंडू एकमेकांकडे टाकत जातात. चेंडू हातून सुटतो, उसळत खाली जातो, आणि कोणीतरी तो पुन्हा आणतो.